अनुदान आणि मजुरी

आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाच्या ह्या मंगल प्रसंगी स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आम्हांस एखादा ऐतिहासिक निबंध लिहिण्याची विनंती केली. देवळाच्या बांधकामाचा, घंटेचा किंवा आजवर होऊन गेलेल्या धर्मगुरूंचा वृत्तान्त आमच्याकडून येईल, अशी मंडळाची अपेक्षा असावी. परंतु ते विषय ह्या पुस्तिकेत इतरांनी आमच्याहून अधिक अधिकाराने हाताळले आहेत. आम्ही निराळा विषय निवडला आहे. अंध, मूकबधिर, पंगू व कुष्ठपीडित माणसांस एखादा धंदा शिकवून स्वतःच्या पायांवर उभे करण्याचे जे काम गेली अडीचशे वर्षे चालले आहे, त्यात सरकार आणि सेवाभावी संस्था ह्यांची भागीदारी कशी जुळली, ती कोठे फळली व कोठे फसली, ह्याचा हा संक्षिप्त इतिहास आहे. ह्या कामास हल्ली व्यवसाय-पुनर्वसन असे म्हणतात. सरकारी कागदांत आज 'दिव्यांग' हा शब्द रूढ आहे. आम्ही ज्या काळाविषयी लिहीत आहो त्या काळचे शब्द जागोजाग आले आहेत. त्यांत कोणाचा उपमर्द करण्याचा आमचा हेतू नाही, हे वाचकांनी कृपा करून ध्यानात घ्यावे.

विषय निवडण्याचे कारण प्रांजळपणे सांगतो. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही मुंबईतील एका देवळात सहायक धर्मगुरू होतो. आमच्या निवासातील बारा खुर्च्यांचे वेत तुटले होते. जवळच अंधांची एक कार्यशाळा होती. तेथून एक मध्यमवयीन कारागीर आला, त्याने एकेक खुर्ची बोटांनी चाचपून पाहिली आणि भाव सांगितला. आम्ही तो भाव पाडून मागितला. इतकेच नव्हे, तर 'तुमच्या संस्थेला सरकारचे अनुदान आहेच की,' असेही वर बोलून गेलो. तो शांतपणे म्हणाला, 'फादर, अनुदान संस्थेला मिळते. मला मिळते ती मजुरी.' आम्ही निरुत्तर झालो. तथापि भाव मात्र पाडलेलाच ठेवला. ह्या गोष्टीचा शेवट निबंधाच्या शेवटी सांगू. तूर्त इतकेच म्हणतो की, त्या कारागिराच्या दोन वाक्यांत ह्या सगळ्या इतिहासाची कसोटी सामावली आहे. सरकारने किती दिले व संस्थेने किती खस्ता खाल्ल्या, हे पाहणे योग्यच. पण सरतेशेवटी काम करणाऱ्याच्या हाती काय पडले, हे पाहिल्यावाचून हिशेब पुरा होत नाही.

ह्या भागीदारीचा आरंभ शोधू गेल्यास आपणांस पॅरिस शहरात जावे लागते. तेथे शार्ल मिशेल द लेपे नावाच्या एका कॅथलिक धर्मगुरूने इसवी सन १७६० च्या सुमारास आपल्या राहत्या घरातच मूकबधिरांची शाळा उघडली. बहिऱ्या माणसास बुद्धी नसते, असा समज त्या काळी विद्वानांतही होता. द लेपे ह्यांनी मूकबधिरांच्या हातवाऱ्यांकडे भाषा म्हणून पाहिले, त्या खुणांवरून शिक्षणाची रीत बसवली आणि शाळेपायी आपली वडिलार्जित मिळकत खर्ची घातली. श्रीमंतांची मुले व गरिबांची मुले ह्यांत त्यांनी भेद केला नाही. २३ डिसेंबर १७८९ रोजी त्यांचा अंत झाला. फ्रान्समध्ये तेव्हा राज्यक्रांतीचा वणवा पेटला होता. धर्मगुरूंवर तर त्या क्रांतीचा विशेष रोष होता. तरीही १७९१ साली राष्ट्रीय सभेने ह्या धर्मगुरूची शाळा राष्ट्राच्या खर्चाने चालवावी असा कायदा केला.

ह्यावरून एक गोष्ट दिसते. दयाळू पुरुषाचे काम बहुधा त्याच्याबरोबरच संपते. त्याच्या मागे शाळा, शिक्षक आणि दरसालची रक्कम राहावी, असे वाटत असेल, तर राज्यसंस्थेचा आधार लागतो. उलटपक्षी, राज्यसंस्थेस ती शाळा काढण्याची कल्पना तीस वर्षांत सुचली नव्हती. आधी एका माणसाने आपले घर मोकळे केले, मग राष्ट्राने आपली तिजोरी उघडली. हाच क्रम पुढे देशोदेशी दिसतो.

आमच्या मुंबईतही तो दिसला. १८८५ साली मुंबईचे व्हिकार अपोस्टॉलिक, जेसुइट संघाचे बिशप लिओ म्यूरिन ह्यांच्या पुढाकाराने माझगाव येथे मूकबधिरांची शाळा निघाली. हिंदुस्थानातील मूकबधिरांची पहिली शाळा म्हणून तिची नोंद होते. आपल्या पूर्वजांपैकी पुष्कळांस ह्या शाळेचे नावही ठाऊक नसेल. बिशप म्यूरिन ह्यांची आठवण मुंबईकर करतात ती बहुधा निराळ्या कारणांनी. परंतु आमच्या मते, ज्यांच्याशी कोणी बोलत नव्हते अशा मुलांसाठी त्यांनी उघडलेले हे दार त्यांच्या इतर कार्याहून कमी मोलाचे नाही.

अशा शाळांस सरकारचा पैसा मिळण्याचा मार्ग त्यापूर्वीच आखला गेला होता. १८५४ साली विलायतेहून सर चार्ल्स वुड ह्यांचा शिक्षणविषयक खलिता आला. त्यात खाजगी शाळांस अनुदान देण्याची पद्धत घालून दिली होती. संस्थेने शाळा चालवावी, हिशेब दाखवावा, सरकारी तपासनीसास वर्ग पाहू द्यावेत, आणि सरकारने धर्मशिक्षणाच्या भानगडीत न पडता ऐहिक शिक्षणापुरते साहाय्य करावे, असा तो करार होता. मिशनरी, हिंदू, पारशी, मुसलमान अशा सर्वांच्या शाळा ह्याच करारावर वाढल्या. मुंबई इलाख्यात काही काळ मुलांच्या परीक्षेच्या निकालावरून अनुदानाचा आकडा ठरत असे. हुशार मुलांच्या शाळेस ही पद्धत मानवली. परंतु ज्या मुलास एक शब्द उच्चारण्यास वर्ष लागते, त्याचा निकाल कोणत्या रकान्यात लिहावा? हा प्रश्न त्या काळी सुटला नाही आणि, खरे सांगावयाचे तर, आजही पुरता सुटलेला नाही.

अंधांच्या बाबतीत पहिले पाऊल उत्तरेस पडले. १८८७ साली ॲनी शार्प ह्या मिशनरी बाईंनी अमृतसर येथे अंधांची शाळा काढली. पुढे १८९९-१९०० च्या भयंकर दुष्काळात मुंबई इलाख्यातील असंख्य मुले पोरकी झाली. त्यांतील अंध मुलांसाठी अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलर्ड बाईंनी १९०० साली मुंबईत शाळा उघडली. त्या आपल्या पंथाच्या नव्हत्या. म्हणून त्यांचे श्रेय सांगण्यास आम्हांस संकोच वाटू नये. भुकेल्या आंधळ्या पोराने आपणांस जेवू घालणाऱ्याचा पंथ विचारला नव्हता.

येथवर जे चालले ते दयेच्या पोटी चालले. सरकार मदत करी, पण ती मेहेरबानी म्हणून. धंदेशिक्षण हे देणे आहे, ही जाणीव राज्यकर्त्यांस प्रथम महायुद्धाने करून दिली. ज्या जवानास सरकारनेच रणांगणावर धाडले, तो पाय किंवा डोळे गमावून परत आल्यावर त्यास भीक मागावयास लावणे कोणत्याही सरकारास शोभणारे नव्हते. लंडनमध्ये वृत्तपत्रांचे मालक आर्थर पिअर्सन, जे स्वतः अंध झाले होते, त्यांनी १९१५ साली अंध सैनिकांसाठी सेंट डन्स्टन्स ही संस्था काढली. इकडे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन ह्यांच्या पत्नीने पुढाकार घेतल्यावरून १९१७ साली जायबंदी हिंदी शिपायांसाठी क्वीन मेरी टेक्निकल स्कूल निघाले. पुढे ते पुण्याजवळ खडकी येथे स्थिरावले आणि आज शंभराहून अधिक वर्षे ते अपंग जवानांस धंदे शिकवीत आहे. लष्कर सरकारचे, शिपाई सरकारचा, आणि शाळा मात्र विश्वस्त मंडळाची, अशी ही जोडणी आहे. ती टिकली ह्याचे कारण आमच्या समजुतीने हे की, तेथे शिकणारा मनुष्य आपला हक्क मागत होता आणि देणाऱ्यासही ते मान्य होते.

आता थोडा वेळ वाचकांस अमेरिकेत नेणे भाग आहे. कारण ही भागीदारी कायद्यात सविस्तर लिहिण्याचे काम त्या देशात झाले, आणि तिच्यातील दोषही तेथेच सर्वांत स्पष्ट दिसला. १९१८ साली तेथील काँग्रेसने जखमी सैनिकांच्या धंदेशिक्षणाचा कायदा केला. मग असा प्रश्न निघाला की, लढाईत पाय गमावणाऱ्यास शिक्षण द्यावयाचे, तर गिरणीत किंवा खाणीत पाय गमावणाऱ्याने काय पाप केले? २ जून १९२० रोजी नागरिकांसाठीही तसाच कायदा झाला. राज्याने खर्चलेल्या प्रत्येक डॉलरमागे मध्यवर्ती सरकारने एक डॉलर घालावा, असे ठरले. राज्याच्या अधिकाऱ्याने माणसास भेटून त्यास कोणता धंदा झेपेल ते ठरवावे, शिक्षण शाळा, कारखाना किंवा सेवाभावी संस्था ह्यांजकडून घ्यावे आणि शेवटी त्यास नोकरीस लावून द्यावे, अशी रीत पडली. आरंभी वैद्यकीय उपचारांस त्यात स्थान नव्हते. ते १९४३ सालच्या दुरुस्तीने मिळाले आणि मानसिक व्याधीचे लोकही तेव्हाच ह्या छत्राखाली आले. १९५४ साली, मेरी स्विट्झर नावाच्या एका कर्तबगार बाई ह्या खात्याच्या प्रमुख असताना, मध्यवर्ती सरकारचा वाटा वाढला व सेवाभावी संस्थांनी आपली केंद्रे वाढवावी म्हणून त्यांस अनुदाने मिळू लागली. १९६८ साली तो वाटा शंभरात ऐंशीपर्यंत गेला. संस्थांचे जाळे देशभर पसरले. हे यश लहान नव्हे.

परंतु ह्याच इतिहासात एक दिवस असा आहे की, जो आम्हांस आमच्या खुर्च्यांची आठवण करून देतो. २५ जून १९३८ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट ह्यांनी दोन कायद्यांवर सही केली. एक वॅग्नर-ओडे कायदा. सरकारी कचेऱ्यांस लागणारे झाडू, पोछे व तत्सम वस्तू अंधांच्या सेवाभावी कार्यशाळांकडून विकत घेण्याचे बंधन त्याने सरकारी खात्यांवर घातले. दान न देता गिऱ्हाईक होण्याची ही कल्पना उत्तम होती. त्याच दिवशीचा दुसरा कायदा कामगारांच्या किमान वेतनाचा. त्याच्या चौदाव्या कलमात मात्र अशी मुभा होती की, ज्यांची काम करण्याची शक्ती अपंगत्वामुळे घटली आहे, त्यांस परवाना काढून किमान वेतनाहून कमी मजुरी देता येईल. हेतू वाईट नव्हता. कमी मजुरीवर का होईना, त्यांस काम मिळावे, असा विचार त्यामागे होता. परिणाम असा झाला की, कार्यशाळेस कामाची हमी मिळाली आणि कामगारास मात्र मजुरीची हमी उरली नाही. १९७१ साली वॅग्नर-ओडे कायद्याची कक्षा अंधांखेरीज इतर तीव्र अपंगांपर्यंत वाढली. पण कमी मजुरीच्या त्या कलमाविषयीचा वाद शमला नाही. अनेक राज्यांनी आपल्या हद्दीत ती प्रथा बंद केली. मध्यवर्ती मजूर खात्याने ती टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा प्रस्ताव डिसेंबर १९२४ च्या नंतर शंभर वर्षांनी, म्हणजे डिसेंबर २०२४ मध्ये मांडला आणि २०२५ साली तो मागेही घेतला.

अमेरिकेस नावे ठेवून आपण मोकळे होऊ नये. स्वतंत्र भारताने १९४८ साली किमान वेतनाचा कायदा केला. त्याच्या २६ व्या कलमात अपंग कामगारांच्या वेतनास हा कायदा लागू होणार नाही, असा आदेश काढण्याची मुभा सरकारास दिलेली होती. हजारो मैलांची समुद्रयात्रा न करताही तोच विचार आपल्या घरी पोचला होता. आम्ही खुर्च्यांचा भाव पाडला, तेव्हा आम्हांस ते कलम ठाऊक नव्हते; पण ते आमच्या मनात होते.

आता स्वदेशीच्या इतिहासाकडे वळू. दुसऱ्या महायुद्धात अंध झालेल्या हिंदी सैनिकांसाठी डेहराडून येथे सेंट डन्स्टन्सचे वसतिगृह निघाले. त्याची धुरा सर क्लूथा मॅकेंझी ह्यांनी वाहिली. हे न्यूझीलंडचे गृहस्थ पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीच्या लढाईत स्वतः दृष्टी गमावून बसलेले होते. युद्ध संपले, स्वातंत्र्य आले, आणि १९५० साली भारत सरकारने तेथेच प्रौढ अंधांचे प्रशिक्षण केंद्र सुरू केले. पॅरिसचाच क्रम येथेही दिसला: आधी संस्था, मागून सरकार.

मुंबईत फातिमा इस्माईल ह्या बाईंच्या मुलीस पोलिओ झाला. आपल्या मुलीसाठी उपचार शोधता शोधता त्यांस इतरांची मुले दिसली, आणि १९४७ साली त्यांनी पोलिओग्रस्त मुलांसाठी दवाखाना सुरू केला. त्या कार्यातून हाजी अली येथे मुलांचे अस्थिरोग रुग्णालय उभे राहिले. त्याच परिसरात १९५५ साली सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. एका आईची तळमळ आणि सरकारचे रुग्णालय आज शेजारी शेजारी उभी आहेत. हाजी अलीवरून जाताना आपल्यापैकी कितीकांनी तो परिसर पाहिला असेल. त्यामागची ही कथाही ठाऊक असावी.

कुष्ठरोग्यांची कथा अधिक बोधप्रद आहे, कारण तेथे सरकारच प्रथम आडवे आले होते. १८९८ च्या कुष्ठरोगी कायद्याने सरकारास असा अधिकार दिला होता की, कुष्ठरोग्याने खाण्यापिण्याचे पदार्थ विकू नयेत, सार्वजनिक विहिरीवर पाणी भरू नये, भाड्याची गाडी हाकू नये आणि सरकार मना करील तो कोणताही धंदा करू नये. हा कायदा २०१६ साली रद्द झाला. म्हणजे जवळजवळ एकशे अठरा वर्षे, एका हाताने आश्रमास अनुदान देणाऱ्या राज्यसंस्थेच्या दुसऱ्या हातात धंदाबंदीचा हुकूम होता. ह्या पार्श्वभूमीवर वरोड्याचे आनंदवन पाहावे. वकिली सोडलेले बाबा आमटे, त्यांच्या पत्नी साधनाताई, दोन लहान मुलगे, सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि गाठीस १४ रुपये, असा तो संसार सांगतात. सरकारने ५० एकर झुडपी, खडकाळ जमीन दिली. १९५१ साली विनोबांच्या हस्ते आनंदवनाचे उद्घाटन झाले. ज्यांच्या बोटांची टोके झडली होती, त्यांनी तेथे विहिरी खणल्या, शेती पिकवली, माग चालवले, आणि आपल्या श्रमाचे अन्न खाल्ले. दान माणसास लाचार करते व श्रम त्यास उभे करतात, ही आमटे ह्यांची श्रद्धा होती. येथे सरकारचा वाटा आरंभी जमिनीचा होता. परंतु ती जमीन काम करण्यासाठी होती, पडून राहण्यासाठी नव्हती. म्हणून ते दान फळले.

स्वातंत्र्यानंतर सरकारने स्वतःची यंत्रणाही उभारली. १९५२ साली मुंबईत अंधांच्या सेवेसाठी राष्ट्रीय संघटना स्थापन झाली होती. तिच्यासारख्या संस्था कारागीर तयार करीत, पण त्यांस नोकरी कोण देणार? म्हणून १९५९ साली मुंबईत अपंगांसाठी देशातील पहिली खास रोजगार विनिमय कचेरी उघडली. १९६८ साली केंद्राच्या मजूर मंत्रालयाने मुंबई व हैदराबाद येथे व्यवसाय पुनर्वसन केंद्रे काढली. माणसाची शक्ती, कल व शिक्षण पारखून त्यास योग्य धंद्याकडे वळवणे, हे त्यांचे काम. आज ती केंद्रे निराळ्या नावाने ओळखली जातात. संस्थांस केंद्राकडून जे अनुदान मिळू लागले, ते मान्य खर्चाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत असे. उरलेले दहा टक्के संस्थेने समाजाकडून गोळा करावयाचे. आपल्या देवळात ज्या रविवारी खास पेटी फिरते, त्या पेटीतील नाणी बहुधा अशाच दहा टक्क्यांत जातात.

ही पद्धत उपकारक आहे. पण तिच्यात एक खोच आहे, ती सांगणे आमचे कर्तव्य आहे. अनुदान बहुधा संस्थेतील माणसांच्या संख्येवर ठरते. मनुष्य शिकून बाहेर नोकरीस गेला की, संस्थेच्या हजेरीपटावरील एक नाव कमी होते. तो बाहेर पडावा म्हणून संस्था काढलेली, आणि तो आत राहावा ह्यात संस्थेचा निभाव! ह्यात व्यवस्थापकांची लबाडी असते असे आम्ही म्हणत नाही. अनुदानाचा हप्ता महिनोन्महिने अडकला असता शिक्षकांचे पगार कोठून द्यावे, ह्या विवंचनेत रात्री जागणारे व्यवस्थापक आम्ही जवळून पाहिले आहेत. परंतु ज्या करारात चांगल्या माणसासही चांगले काम करण्याने तोटा होतो, तो करार दुरुस्त करावयास हवा.

दुरुस्तीचा मोठा प्रयत्न कायद्याने झाला. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत शेकडा तीन जागा राखल्या. भारताने २००७ साली संयुक्त राष्ट्रांचा अपंगांच्या हक्कांचा करारनामा मान्य केला, आणि २०१६ च्या नव्या कायद्याने राखीव जागा शेकडा चार केल्या व अपंगत्वाचे २१ प्रकार मानले. ह्या कायद्यांनी एक मोठी गोष्ट केली. पूर्वी सरकार व संस्था हे दोन भागीदार होते आणि ज्याच्यासाठी भागीदारी, तो मनुष्य तिऱ्हाईत होता. कायद्याने त्यास तिसरा भागीदार केले. आता त्यास विचारता येते की, माझ्या नावे आलेला पैसा कोठे गेला, आणि माझी जागा कोठे आहे?

धर्मसभेच्या शिकवणुकीतही हाच क्रम आहे. पोप तेरावे लिओ ह्यांनी १८९१ साली न्याय्य मजुरीचा पक्ष घेतला. पोप अकरावे पायस ह्यांनी १९३१ साली असे प्रतिपादिले की, लहान समूहास जे काम करता येते, ते थोर सत्तेने त्याच्याकडून हिरावून घेऊ नये. तिने त्यास साहाय्य मात्र करावे. सरकार व संस्था ह्यांच्या नात्यास ह्याहून चांगला नियम आम्हांस ठाऊक नाही. आणि १९८१ साली पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी कामाविषयीच्या आपल्या परिपत्रात अपंग माणसाच्या कामाच्या हक्कास स्वतंत्र प्रकरण दिले. काम हे माणसाचे माणूसपण आहे, म्हणून अपंगास कामाबाहेर ठेवणे म्हणजे सशक्तांनी दुर्बलांवर केलेला अन्याय होय, असा त्याचा आशय आहे.

सेमिनरीत असताना आम्ही एक लहानशी गोष्ट वाचली होती. प्रभू येशूने वाळलेल्या हाताच्या मनुष्यास बरे केले, हे शुभवर्तमानात आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोम ह्यांनी मत्तयाच्या शुभवर्तमानावर टीका लिहिली. तीत ते एका जुन्या ग्रंथाच्या आधारे सांगतात की, तो मनुष्य गवंडी होता, आणि भीक मागण्याची लाज आपल्यावर येऊ नये म्हणून त्याने आपला हात परत मागितला. ही गोष्ट आपल्या शुभवर्तमानांत नाही. म्हणून तिच्यावर आम्ही सिद्धान्त उभारीत नाही. पण त्या गवंड्यास काय हवे होते, हे अगदी खरे वाटते. त्यास हात हवा होता तो भिंत बांधण्यासाठी.

आता खुर्च्यांची राहिलेली गोष्ट. काम झाले, पैसे दिले, कारागीर गेला. त्या रात्री आम्हांस नीट झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही स्वतः कार्यशाळेत गेलो आणि त्याच्या हाती काही नोटा ठेवल्या. त्याने त्या बोटांनी चाचपून मोजल्या. त्याने पहिल्याने सांगितलेल्या भावाहून त्या जास्त होत्या, कारण आम्ही प्रायश्चित्ताच्या भावनेने वर थोडे घातले होते. आपल्या भावाप्रमाणे होणारी बाकी त्याने ठेवून घेतली, उरलेल्या नोटा परत केल्या आणि म्हणाला, 'फादर, आता हिशेब बरोबर झाला.'

ह्या महोत्सवाच्या मेणबत्त्या व कापडी पिशव्या अपंग कारागिरांच्या एका कार्यशाळेकडून घ्याव्यात, असा ठराव आपल्या समितीने केला. तेव्हा एका सभासदाने सद्हेतूनेच असे सुचवले की, धर्मकार्य आहे, तर भाव थोडा कमी करून मागावा. आम्ही त्यांस ही खुर्च्यांची गोष्ट सांगितली. भाव बाजाराचाच ठरला. आपल्या धर्मग्रामात वाडीचे मालक आहेत, दुकानदार आहेत, लहानमोठे कारखानदार आहेत. पुढील पन्नास वर्षांनी जी स्मरणिका निघेल, तिच्यात आपण किती दान दिले ह्याचा आकडा असेल तर असो. परंतु आपल्यापैकी कोणी किती अपंग बांधवांस कामावर ठेवले आणि पुरी मजुरी दिली, ह्याचीही एक यादी तीत असावी. ती आजपासून लिहावयास घ्यावी, इतकी विनंती करून आम्ही वाचकांची रजा घेतो.